रेल्वे फाटक केव्हा आणि किती वेळ बंद राहील, हे आधी सांगता येईल का? (दूध संकलनाच्या गाड्यांचे मार्ग आखताना)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या तालुक्यातील दूध संकलनाच्या गाड्यांचे मार्ग आणि वेळा ठरवण्याचे काम माझ्याकडे आहे. सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या संकलन केंद्रांवरून ४० लिटरचे कॅन उचलून ते शीतकरण केंद्रावर पोहोचवायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. धार काढल्यापासून दूध थंड होईपर्यंत जितका वेळ जातो तितकी त्याची आम्लता वाढत जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत अर्ध्या तासाच्या उशिरानेही कॅन परत करण्याची वेळ येते. परत आलेल्या कॅनचे नुकसान शेवटी ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्याच माणसाच्या माथी बसते, म्हणून हा विषय मला केवळ वेळापत्रकाचा वाटत नाही.

आमच्या सहापैकी चार मार्ग पुणे-मिरज लोहमार्ग एकाच फाटकावर ओलांडतात. फाटक उघडे असेल तर अडचण काहीच नाही. बंद असेल तर कधी ४ मिनिटांत सुटका होते, कधी २० मिनिटे गाडी जागची हलत नाही. पर्याय दोन आहेत. पहिला उड्डाणपुलाचा, त्यासाठी ११ किलोमीटरचा वळसा पडतो आणि २० ते २५ मिनिटे जास्त लागतात. दुसरा भुयारी मार्गाचा. परंतु तेथे उंचीची मर्यादा असल्याने कॅनची पिकअप जाते, टँकर जात नाही, आणि पावसाळ्यात तेथे पाणी साचले की पिकअपही जात नाही.

गेले काही आठवडे मी फाटकाजवळच्या टपरीवाल्याच्या मदतीने फाटक पडण्याच्या आणि उघडण्याच्या वेळा वहीत नोंदवत आहे. प्रवासी गाड्यांचे वेळापत्रक आणि रेल्वेच्या चौकशी प्रणालीवर दिसणारा त्या दिवसाचा उशीर यांच्याशी त्या ताडून पाहिल्या. जवळपास निम्म्या नोंदींचा मेळ बसला. उरलेल्या वेळी फाटक का पडले हे मला कळले नाही. मोबाइलवरील नकाशा रस्ता लाल दाखवतो खरा, पण तोवर आमची गाडी रांगेत उभी राहिलेली असते.

माझा प्रश्न असा आहे की, फाटक बंद असण्याचा अंदाज गाडी तेथे पोहोचण्यापूर्वी बांधता येईल का, आणि येत असेल तर त्यासाठी नेमके काय मोजायला हवे? येथे रेल्वेतील, गणितातील किंवा वाहतुकीतील जाणकार असतील तर कृपया मार्गदर्शन करावे.

गणिती

चांगला प्रश्न आहे. उत्तर देण्यापूर्वी मला एक गोष्ट समजून घ्यायची आहे. उड्डाणपुलाकडे किंवा भुयारी मार्गाकडे वळण्याचा शेवटचा फाटा फाटकापासून किती अंतरावर आहे? आपला सारा हिशेब त्या अंतरावर अवलंबून आहे. फाटा ओलांडल्यानंतर मिळालेल्या माहितीचा चालकाला काहीही उपयोग नाही, कारण त्यानंतर त्याच्या हाती निर्णयच उरत नाही.

कृष्णाकाठ

फाटा फाटकापासून ३ किलोमीटर अलीकडे आहे. रस्ता अरुंद आहे आणि वाटेत गाव लागते, त्यामुळे ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने ६ मिनिटे धरावीत.

गणिती

मग आपला प्रश्न स्पष्ट झाला. फाट्यावर उभे असताना तुम्हाला ‘फाटक आत्ता बंद आहे का’ हे जाणून घ्यायचे नसून ‘६ मिनिटांनी बंद असेल का, आणि असेल तर त्यापुढे किती वेळ’ हे जाणून घ्यायचे आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा परस्परविरुद्ध असतात. या क्षणी फाटक पडून ५ मिनिटे झाली असतील तर तुम्ही पोहोचेपर्यंत ते बहुधा उघडलेले असेल. उलट या क्षणी ते सताड उघडे असेल आणि मागच्या स्थानकावरून मालगाडी सुटण्याच्या बेतात असेल, तर तुम्ही नेमके बंद फाटकासमोर जाऊन उभे राहाल. फाटकावर कॅमेरा बसवून त्याचे चित्र चालकाला दाखवावे, असे अनेकांना सुचते. तो उपाय या कारणाने अपुरा पडतो.

फाटक पडण्याचा क्षण कोण आणि कशावरून ठरवतो, हे रेल्वेतील कोणी सांगितले तर पुढे जाता येईल.

निवृत्त_मास्तर

मी मध्य रेल्वेवर अनेक वर्षे स्टेशन मास्तर म्हणून काम केले आहे, म्हणून जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो.

लोकांची अशी समजूत असते की गाडी जवळ आली म्हणजे गेटमन फाटक पाडतो. प्रत्यक्षात फाटक गाडी दिसण्याच्या पुष्कळ आधी बंद होते आणि तसेच व्हायला हवे. आपल्याकडे फाटके मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात फाटक आणि सिग्नल एकमेकांशी बांधलेले असतात. त्याला आम्ही इंटरलॉक केलेले फाटक म्हणतो. फाटक बंद होऊन त्याला कुलूप लागल्याशिवाय गाडीचा सिग्नल पिवळा किंवा हिरवा होऊच शकत नाही, आणि सिग्नल एकदा दिला की गाडी जाईपर्यंत गेटमनला फाटक उघडता येत नाही. काही कारणाने उघडायचेच झाले तर आधी सिग्नल पुन्हा लाल करून ठरावीक काळ जाऊ द्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात अशी यांत्रिक बांधणी नसते. स्टेशन मास्तर गेटमनला दूरध्वनीवरून गाडीची सूचना देतो, गेटमन फाटक बंद करून तसे कळवतो, आणि दोघे एकमेकांना खासगी क्रमांक (निरोपाची खूण म्हणून द्यायचा सांकेतिक आकडा) देऊन ते वहीत नोंदवतात. येथे सुरक्षितता त्या दोन माणसांच्या शब्दावर उभी असते. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील कडलूरजवळ शाळेची व्हॅन गाडीखाली सापडून तीन विद्यार्थी दगावले, ते फाटक या दुसऱ्या प्रकारचे होते. त्यानंतर फाटक इंटरलॉक करण्यासाठीची रहदारीची मर्यादा २० हजार एककांवरून १० हजारांवर आणण्याचा निर्णय रेल्वेने घेतला. हे एकक म्हणजे दिवसभरातील गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची भारित संख्या यांचा गुणाकार.

आता वेळेचे पाहू. गाडीला वेग कमी न करता यायचे असेल, तर तिच्या चालकाला दूरवरचा पहिला सिग्नल दिसण्याआधीच पुढील सर्व सिग्नल मिळालेले असले पाहिजेत. जेथे दोन डिस्टंट सिग्नल (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारे) असतात तेथे पहिला डिस्टंट होम सिग्नलपासून, म्हणजे स्थानकात प्रवेश देणाऱ्या सिग्नलपासून, २ किलोमीटर अलीकडे असतो. म्हणजे स्थानकाच्या हद्दीतील फाटक गाडी निदान ३ किलोमीटर दूर असतानाच बंद झालेले असावे लागते. दोन स्थानकांच्या मधले फाटक तर अनेक ठिकाणी गाडी मागच्या स्थानकावरून सुटताना, किंवा त्याही आधी, बंद करण्याची पद्धत असते. मागचे स्थानक ९ किलोमीटरवर असेल आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने येत असेल, तर गाडी फाटकावर पोहोचायलाच ९ मिनिटे लागतात. प्रत्येक फाटकाचे कार्यनियम वेगळे असतात, त्यामुळे शेजारच्या फाटकाचा अनुभव तुमच्या फाटकाला लागू पडेलच असे नाही.

तुमच्या वहीत ज्या नोंदींचा मेळ बसत नाही, त्यांतील बहुतेक मालगाड्या असाव्यात. मालगाडीला प्रवाशांना ठाऊक असलेले वेळापत्रक नसते. तिची माहिती मालवाहतुकीच्या वेगळ्या प्रणालीत असते आणि चौकशी प्रणालीवर ती दिसत नाही.

गणिती

मास्तरसाहेब, मनःपूर्वक आभार. तुमच्या माहितीतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पूर्ण लांबीची मालगाडी साधारण ६५० मीटरची धरली, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने ती फाटकावरून ४० सेकंदांत निघून जाते. २४ डब्यांची एक्स्प्रेस ताशी १०० किलोमीटरने २० ते २२ सेकंदांत जाते. याचा अर्थ, फाटक ९-१० मिनिटे बंद राहते त्यात गाडी प्रत्यक्ष समोरून जाण्याचा वाटा एका मिनिटाहूनही कमी आहे. उरलेला सारा वेळ तिची वाट पाहण्याचा आहे. म्हणून आपल्याकडे अंदाज बांधताना गाडीची लांबी जवळपास गौण ठरते, आणि ‘मागच्या स्थानकावरून गाडी केव्हा सुटली’ ही एकच घटना सर्वांत मोलाची ठरते.

ह्यूस्टनवासी

मी गेली बरीच वर्षे टेक्सासमधील ह्यूस्टन येथे राहतो. येथील अनुभव तुमच्याहून अगदी उलट आहे.

अमेरिकेत फाटकांवर बहुधा माणूस नसतो. रुळांतील विद्युत्परिपथाला गाडीची चाहूल लागते आणि गाडी येण्याच्या किमान २० सेकंद आधी दिवे व घंटा सुरू व्हाव्यात, असा केंद्रीय नियम आहे. म्हणजे वाट पाहण्याचा काळ नगण्य असतो. मात्र मालगाड्या प्रचंड लांब असतात. दोन मैलांची, म्हणजे सुमारे ३.२ किलोमीटरची गाडी ताशी ३० किलोमीटरने गेली तर फाटक साडेसहा मिनिटे बंद राहते. त्याहून वाईट म्हणजे यार्डात जागा नसली की गाडी फाटकावरच थांबते, आणि मग ती अर्ध्या तासाने हलेल की तीन तासांनी, हे कोणीही सांगू शकत नाही. थांबलेल्या गाडीने रस्ता किती वेळ अडवावा यावर देशपातळीवर मर्यादा घालणारा कायदा नाही. ओहायो राज्याने पाच मिनिटांची मर्यादा घातली होती. परंतु रेल्वेचे नियमन हा केंद्राचा विषय असल्याचे सांगून २०२२ मध्ये त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती लागू करता येत नसल्याचा निर्णय दिला.

त्यामुळे येथे अंदाज बांधण्याची पद्धतही वेगळी आहे. कॅनडातील विनिपेग शहरातील ट्रेनफो ही कंपनी रस्त्याच्या कडेला आवाज टिपणारी उपकरणे बसवते. गाडीचा भोंगा आणि फाटकाची घंटा ओळखून गाडीची दिशा आणि वेग यांचा अंदाज घेतला जातो आणि पुढचे फाटक केव्हा अडेल हे आगाऊ कळवले जाते. ह्यूस्टनच्या पूर्व भागात अशी उपकरणे वापरात आली आहेत आणि अग्निशमन दलाला त्यांचा विशेष उपयोग आहे. त्याही आधी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, सॅन अँटोनियो शहरात रुळांशेजारी संवेदक बसवून महामार्गावरील फलकांवर पूर्वसूचना देण्याचा प्रयोग झाला होता. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. रेल्वे कंपनीकडून माहिती मिळत नाही असे गृहीत धरून, तिच्या आवाराबाहेर उभे राहून गाडी ओळखायची.

कृष्णाकाठ

तुमच्या लिखाणावरून एक सुचले. आमच्या फाटकाच्या अलीकडे आणि पलीकडे चार-पाच किलोमीटरवर रुळांलगतच्या शेतांत आमचेच दूध उत्पादक राहतात. गाडी गेल्याचे त्यांनी कळवले तर चालेल का?

गणिती

चार-पाच किलोमीटर म्हणजे गाडीचे ४ ते ५ मिनिटांचे अंतर. तुमचा फाटा फाटकापासून ६ मिनिटांवर आहे. शेतातून निरोप येईपर्यंत फाटक आधीच पडलेले असेल आणि तुमची पिकअप फाट्यावरून फाटकावर पोहोचेपर्यंत ती गाडी निघूनही गेलेली असेल. ह्यूस्टनमध्ये जे जमते ते येथे तसेच्या तसे जमणार नाही, कारण तेथे घंटा गाडीच्या जेमतेम आधी वाजते आणि येथे फाटक गाडीच्या पुष्कळ आधी पडते. तुम्हाला मागच्या स्थानकाच्याही मागची बातमी हवी.

घाटमाथा

इतका खटाटोप करण्यापेक्षा सरळ गेटमनचा भ्रमणध्वनी क्रमांक घ्यावा. त्याला एका व्हॉट्सॲप गटात सामील करून घेतले आणि मास्तरचा निरोप आला की त्याने तेथे एक शब्द टाकला, तर संपूर्ण गावाचे काम होईल. आमच्या भागात हा विचार चालू आहे.

निवृत्त_मास्तर

घाटमाथा, आपला हेतू चांगला आहे हे मान्य करूनही मी या सूचनेला ठाम विरोध करतो.

गेटमन आठ किंवा बारा तास एकट्याने त्या चौकीत बसतो. गाडीची सूचना घेणे, खासगी क्रमांक लिहिणे, दोन्ही बाजूंची फाटके पाडणे, मध्ये कोणी अडकले नाही ना हे पाहणे, गाडीला हिरवा झेंडा दाखवताना डब्यांच्या चाकांकडे लक्ष ठेवणे, आणि एवढे करताना फाटकाखालून वाकून जाणाऱ्यांचे बोलणे ऐकून घेणे, ही सारी त्याची कामे आहेत. त्यात ज्या क्षणी त्याचे लक्ष पूर्णपणे मास्तरच्या दूरध्वनीवर असले पाहिजे, नेमक्या त्याच क्षणी त्याने गावाला निरोप पाठवावा अशी ही अपेक्षा आहे. कोणी त्याला फोन करून ‘अजून किती वेळ’ असे विचारू लागले, तर एक दिवस मास्तरचा फोन आणि दूधवाल्याचा फोन यांत त्याची गल्लत होईल. फाटक उघडण्यासाठी त्याच्यावर दबाव येतो तो वेगळाच. बंद फाटक बळेच उघडणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असलेला गुन्हा आहे, आणि तरीही रांगेतले लोक गेटमनच्या अंगावर धावून गेल्याचे प्रसंग मी स्वतः पाहिले आहेत.

माहिती मिळवायचीच असेल तर ती गेटमनच्या डोक्यावरून, यंत्रणेकडून मिळवावी. रेल्वेच्या अनेक इंजिनांवर आता इस्रोच्या सहकार्याने तयार झालेले स्थानदर्शक उपकरण बसलेले आहे आणि ते दर ३० सेकंदांनी गाडीचे स्थान कळवते. पूर्वी दोन स्थानकांच्या मध्ये गाडी कोठे आहे हे नियंत्रण कक्षालाही नेमके ठाऊक नसे. आता ते दिसते. हीच माहिती, गाडीचा क्रमांक किंवा त्यातील माल न सांगता, केवळ ‘अमुक फाटक येत्या १५ मिनिटांत बंद होण्याचा संभव’ अशा स्वरूपात लोकांना देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ती मागणी विभागीय पातळीवर संस्थेच्या वतीने लेखी करावी.

घाटमाथा

मास्तरसाहेब, गेटमनच्या बाजूने मी विचार केला नव्हता. आमच्या गटात ही सूचना मीच मांडली होती, ती आजच मागे घेतो.

दिवा_लोकल

येथे उपनगरी भागातील एक वेगळी बाजू मांडतो. मुंबईच्या उपनगरी मार्गावरील दिवा स्थानकाच्या फाटकावर अनेक वर्षे प्रश्न उलटा राहिला आहे. गाड्या इतक्या लागोपाठ असतात की फाटक बंद असणे हीच त्याची नेहमीची अवस्था असते, आणि ते उघडण्यासाठी लोकल थांबवाव्या लागतात. फाटक तीन-चार मिनिटे उघडे राहिले की त्याचा फटका मागच्या गाड्यांना बसतो आणि त्या उशिराची साखळी कल्याणपासून ठाण्यापर्यंत जाणवते. कळव्याजवळच्या खारेगाव फाटकाचेही असेच होते. जानेवारी २०२२ मध्ये तेथील उड्डाणपूल सुरू झाल्यावर ते फाटक बंद झाले. अशा ठिकाणी अंदाज गाडी येण्याचा बांधायचा नसतो, तर दोन गाड्यांमधील पुरेशी मोठी फट केव्हा मिळेल याचा बांधायचा असतो. जपानमध्ये गर्दीच्या एका तासात ४० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ बंद राहणाऱ्या फाटकांचा वेगळा वर्गच केलेला आहे, आणि त्यांना तेथे ‘न उघडणारी फाटके’ म्हणतात.

धागाकर्त्यांच्या मार्गावर दुहेरीकरण झाले असेल तर याचा थोडा अंश तेथेही दिसेल. एक गाडी येण्याआधीच विरुद्ध दिशेच्या गाडीची सूचना आली, तर फाटक मध्ये उघडतच नाही. त्यांच्या २० मिनिटांच्या नोंदी या अशा जोडगाड्यांच्या असाव्यात.

सायरन

मी एका रुग्णालयाची रुग्णवाहिका चालवतो. वरील चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. आम्हाला सरासरी सांगू नका. सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते हे खरे असले, तरी ज्या रात्री १८ मिनिटे थांबावे लागले ती रात्र माझ्या लक्षात आहे. बाळंतपणाची केस होती. सुदैवाने दोघेही सुखरूप राहिले. त्या दिवसापासून मी रुग्ण आत असताना त्या फाटकाकडे वळतच नाही, ९ मिनिटांचा वळसा घेतो, मग फाटक उघडे असण्याची शक्यता कितीही असो. रुग्णाला आणायला रिकामा जातानाही शक्यतो वळसाच घेतो.

आणखी एक विनंती. चालकाच्या समोर ‘फाटक पडायला २ मिनिटे बाकी’ असे काही दिसू देऊ नये. दिसले की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. माझाही जाईल.

गणिती

सायरन यांनी दोन्ही गोष्टी अनुभवातून नेमक्या सांगितल्या आहेत आणि पहिलीला गणिताचा आधार आहे. समजा, एक फाटक निम्म्या वेळा ४ मिनिटे आणि निम्म्या वेळा १२ मिनिटे बंद होते. बंद राहण्याची सरासरी ८ मिनिटे येते आणि त्यावरून आपण म्हणतो की, अवचित पोहोचलेल्याला सरासरी ४ मिनिटे थांबावे लागेल. हे चूक आहे. १२ मिनिटांची बंद राहण्याची खेप लांब असल्यामुळे तिच्यात सापडण्याची शक्यताही तिप्पट असते. बंद फाटकासमोर येणाऱ्या चार वाहनांपैकी तीन लांब खेपेतच सापडतात, आणि प्रत्यक्ष सरासरी थांबा ४ नव्हे तर ५ मिनिटे येतो. खेपांमधील तफावत जितकी मोठी तितकी ही चूक वाढते. म्हणून फाटकाच्या नोंदवहीत सरासरी काढून थांबू नये. लांब खेपा वेगळ्या काढून त्या दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या गाड्यांमुळे येतात ते पाहावे.

दुसरी बाब रांगेची. फाटक उघडले म्हणजे उशीर संपला असे नसते. समजा, मिनिटाला १० वाहने येतात, फाटक ८ मिनिटे बंद राहते, आणि उघडल्यावर मिनिटाला १५ वाहने निघू शकतात. तोवर ८० वाहने साचलेली असतात. नवी वाहने येतच राहतात, त्यामुळे रांग मिनिटाला केवळ ५ वाहनांनी कमी होते आणि ती पूर्ण संपायला आणखी १६ मिनिटे लागतात. जो माणूस नेमका फाटक उघडण्याच्या क्षणी रांगेच्या शेवटी पोहोचतो, त्यालाही ५ मिनिटांहून अधिक काळ जावा लागतो. त्यामुळे फाटक ८ मिनिटे बंद असले तरी रस्ता २४ मिनिटे बाधित असतो, आणि त्या अवधीत दुसऱ्यांदा फाटक पडले तर पहिली रांग संपण्याआधी दुसरी सुरू होते.

हे सूत्र परदेशी पुस्तकांतले आहे आणि त्यात लोक आपापल्या मार्गिकेत उभे राहतात असे गृहीत धरलेले असते. आपल्या फाटकांवर दोन्ही बाजूंची वाहने संपूर्ण रस्ता व्यापून समोरासमोर उभी राहतात. फाटक उघडले की मिनिटाला १५ ऐवजी ५ वाहनेसुद्धा निघत नाहीत. हा मिनिटाला निघणाऱ्या वाहनांचा आकडा फाटकागणिक स्वतः मोजावा लागेल; तो कोणत्याही नकाशात मिळणार नाही.

कृष्णाकाठ

हा आकडा हंगामाप्रमाणेही बदलतो, हे मला आता उमगले. गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आमच्या फाटकावर उसाचे ट्रॅक्टर असतात. दोन ट्रॉल्या जोडलेला भरलेला ट्रॅक्टर रुळांच्या चढावर थांबून पुन्हा निघतो तेव्हा मागच्या साऱ्या वाहनांचा वेग त्याच्या वेगाइतका होतो. कधी त्याचे पुढचे चाक उचलले जाते आणि त्याला दोनदा प्रयत्न करावा लागतो. माझ्या वहीत फाटकाच्या वेळा आहेत, पण रांगेत ट्रॅक्टर किती होते याची नोंदच नाही. जानेवारीतील काही दिवस फाटक अवघी ६ मिनिटे बंद असूनही गाडीला २० मिनिटे का लागली, याचे कारण बहुधा हेच असावे.

निवृत्त_मास्तर

यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. मी वर सांगितलेला गाड्या आणि वाहने यांचा गुणाकार १ लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य सरकार यांनी खर्च वाटून पूल बांधावा, असा जुना निकष आहे. ही गणना किती वाहने ओलांडून गेली हे मोजते. प्रत्येकाने किती वेळ काढला हे मोजत नाही. तुमची वही ते मोजते. पुलाच्या मागणीच्या अर्जासोबत ती अवश्य जोडावी.

कृष्णाकाठ

सर्वांच्या मदतीने जे ठरले ते लिहितो.

चालकांना काहीही दाखवायचे नाही. निर्णय कार्यालयात होईल आणि गाडी फाट्यावर येण्याआधी चालकाला फक्त मार्ग सांगितला जाईल. प्रवासी गाड्यांसाठी आमच्या फाटकाच्या आधीच्या दोन स्थानकांवरील प्रत्यक्ष वेळा चौकशी प्रणालीवरून पाहून, गाडी फाटकावर येण्याच्या १० मिनिटे आधीपासून ते रांग ओसरेपर्यंतचा काळ बाधित धरायचा. विरुद्ध दिशांच्या दोन गाड्यांचे बाधित काळ एकमेकांवर येत असतील तर विचार न करता पिकअप भुयारी मार्गाने आणि टँकर पुलावरून पाठवायचा. मालगाड्यांचा अंदाज आम्हाला आज बांधता येत नाही, हे मान्य करून त्यांच्यासाठी मार्गाच्या वेळेत राखीव मिनिटे ठेवायची. विभागीय कार्यालयाला द्यायच्या पत्राचा मसुदा संस्थेच्या अध्यक्षांनी पाहिला आहे. त्यात मास्तरसाहेबांनी सुचवलेली मागणी जशीच्या तशी घातली आहे.

वही पुन्हा चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. सकाळच्या पाळीत दोन एक्स्प्रेस गाड्या जवळजवळ एकाच सुमारास येतात आणि लांब खेपांपैकी बऱ्याच त्याच अर्ध्या तासात आहेत. पलीकडच्या गावांतील केंद्रे २५ मिनिटे आधी उघडली तर चारपैकी दोन गाड्या त्या अर्ध्या तासाच्या आधीच फाटक ओलांडतील. त्यासाठी धारा तितक्या आधी काढाव्या लागतील, आणि ते उत्पादकांना, विशेषतः पहाटेच उठून सगळे करणाऱ्या घरच्या बायकांना, विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही. येत्या रविवारी दोन गावांत त्यासाठी बैठक ठेवली आहे.

सायरन

बैठकीत भुयारी मार्गातील पाण्याचाही विषय काढावा. भिंतीवर दर फुटाला रंगाचा पट्टा मारून घेतला आणि जवळच्या घरातील कोणी पावसाळ्यात रोज सकाळी पाणी कोणत्या पट्ट्यापर्यंत आहे ते कळवले, तर पिकअप पाठवायची की नाही हे तुम्हाला कार्यालयातच ठरवता येईल. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात असे केले आणि त्याचा उपयोग झाला.

कृष्णाकाठ

हे नक्की करतो. ज्या घरासमोर भुयारी मार्ग आहे ते आमच्याच उत्पादकाचे घर आहे. उद्यापासून वहीत ट्रॅक्टरांची संख्या आणि उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत निघालेली वाहने असे दोन रकाने वाढवत आहे. पावसाळा संपेपर्यंतच्या नोंदी झाल्या की याच धाग्यावर मांडेन.